कोपीत दाखवलेला सिनेमा

कडूबाईला एकदा सिनेमा बघता बघता डुलकी लागली आणि तेवढ्यात पडद्यावर एक खून होऊन गेला. दुसऱ्या दिवशी उसाच्या फडात तिनं अख्ख्या टोळीसमोर कबूल करून टाकलं, "हितं मला झोप लागली. उठले तवा एक जन मरून पडला हुता. कुनी मारला ते मला इचारू नगा." आता बाई, एवढा तीन तासांचा सिनेमा सांगतेस, तर एक खुनी मनाचा घालायला तुझं काय जात होतं? पण नाही. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं, हा तिचा खाक्या.

मी रंगनाथ. सोनईला दर हिवाळ्यात आमच्या आप्पासाहेबांचा तंबू लागायचा, फिरती टॉकीज, आणि दारावर तिकिटं फाडायला मी. तोंडाचा फटकळ म्हणून गावात माझं नाव होतं आणि सातवी पास म्हणूनही. पहिलं लोक सांगायचे, दुसरं मी सांगायचो.

कडूबाई खर्ड्याकडची. दिवाळी झाली की जामखेडच्या त्या कोरड्या मुलखातून टोळ्या निघायच्या आणि आमच्या बाजूला ऊस तोडायला उतरायच्या. तिचा नवरा वारलेला, म्हणून ती भावाच्या जोडीनं तोडणीला यायची. भाऊ कानिफनाथ ऊस तोडायचा, ही मोळ्या बांधायची. चाळिशी ओलांडलेली, उंच, काटक बाई. बोलणं बेताचं, बघणं मात्र फार.

दिवसभर राबायचं आणि पहाटे अंधारात गाड्या भरायच्या, मग रात्री सिनेमाला बसायचं त्राण कुणात राहणार? म्हणून त्यांच्या टोळीनं एक पद्धत पाडली होती. सिनेमा बदलला की एकट्या कडूबाईनं जाऊन तो बघून यायचा. दुसऱ्या दिवशी तिच्या वाटणीच्या मोळ्या बाकीच्या बायकांनी बांधायच्या आणि तिनं फडातून चालत चालत सिनेमा सांगायचा. ऐकायला म्हणून मी एकदा मुद्दाम गेलो होतो. बाई गाणी म्हणत नव्हती. "हितं गानं हाय, लांबडं हाय, दोघं झाडाभवती हिंडत्यात," एवढ्यावर गाणं उरकायची. पण कोण कुठं उभा होता, कुणाच्या हातात काय होतं, दार आतून लावलं की बाहेरून, हे असं सांगायची की कोयते थांबायचे. मग मुकादम ओरडायचा आणि कोयते परत चालू व्हायचे.

तिचा एकुलता एक मुलगा सूर्यभान पलटणीत होता. दोन वर्षांपूर्वी घरात न सांगता नगरला जाऊन भरती झाला, आणि बाईनं ते मनाला लावून घेतलं. तो एकदा सुट्टीवर आला तेव्हा तिनं त्याला पोटभर जेवू घातलं, पण शब्द बोलली नाही. जाताना वेशीपर्यंतसुद्धा गेली नाही. तरी तो पत्रं पाठवायचा. ऊसतोड्याला कुठला आला पत्ता? आज या फडात, उद्या त्या. म्हणून हिवाळ्यातली त्याची पत्रं माझ्या नावावर यायची, मार्फत रंगनाथ, तंबू टॉकीज, सोनई. ती आली की मी वाचून दाखवायचो. ती ऐकायची, कागद घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवायची आणि मला सांगायची, "खुशाल हाय म्हनून लिही." त्याच्यापुढं एक अक्षर नाही.

एकाहत्तरच्या नोव्हेंबरात, वीस तारखेला, असंच एक पत्र आलं. वाचता वाचता मी मध्येच अडखळलो. सूर्यभाननं लिहिलं होतं की आठ-दहा दिवसांत आम्हाला पुढं हलवणार, तिथून काय होईल ते सांगता येत नाही. आणि खाली लिहिलं होतं, आई, तुझा राग गेला का नाही, तेवढं एका ओळीत कळव, म्हणजे मी सुखानं जाईन.

समोर कडूबाई उभी. त्या दिवशी तिच्या पंज्याला कोयता लागला होता, चिंधी बांधलेली, चिंधीतून रक्त झिरपत होतं. मला वाटलं, आत्ताच कशाला? उद्या सांगू. मी तो मजकूर सोडून दिला आणि थेट "थंडी बरी आहे, जेवण चांगलं आहे" वर आलो. बाई समाधानानं गेली. दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता सांगितलं तर काल का नाही वाचलं म्हणेल. तिसऱ्या दिवशी तर आणखी अवघड झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत मी ती मूठ झाकूनच ठेवली. तिकडं पोरगं उत्तराची वाट बघत होतं, इकडं त्याच्या आईला प्रश्नच ठाऊक नव्हता, आणि दोघांच्या मध्ये मी सातवी पास.

अशात आमच्या तंबूत तो सिनेमा आला. त्याचं नाव कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. सोनईत त्याला सगळे कागदाचा सिनेमा म्हणत. गोष्ट अशी की दोन देशांच्या फौजा नदीच्या दोन काठांवर तोफा रोखून बसल्यात. एका देशाचा प्रधान भला माणूस. तो लढाई टाळायची म्हणून "गोळी झाडू नका" असा हुकूम कागदावर लिहून सही करतो. हा कागद पहाटेच्या आत नदीकाठच्या चौकीवर पोचला नाही, तर तिथला जवान तोफ डागणार आणि लढाई पेटणार. आणि प्रधानाच्या घरातूनच तो कागद चोरीला जातो. घरात माणसं चार. चिटणीस, मेव्हणा, डॉक्टर आणि आचारी. दिवा विझतो, अंधारात एक हात टेबलावर येतो, कागद उचलतो, आणि मध्यंतर.

तीन डिसेंबरच्या रात्री कडूबाई हे बघत बसली होती. मध्यंतर झालं, लोक भजी खायला बाहेर आले आणि हवालदार सायकलवरून धापा टाकत आला. रेडिओवर लढाईची बातमी आली होती, दिवे बंद करायचे होते. नगरला छावणी, त्यामुळं आमच्या भागात हुकूम कडक. तंबूतला दिवा आकाशातून दिसतो, म्हणून सिनेमा बंद. पडद्यावर लढाई होणार की नाही ते बघायला बसलेली माणसं खरी लढाई सुरू झाली म्हणून घरी गेली. कडूबाई मात्र दारात माझ्याजवळ थांबली. सूर्यभानचं काही पत्र आलं का, एवढंच तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. ते खरंच होतं, पण माझी मान काही वर झाली नाही.

पुढच्या चार दिवसांत टोळीत नुसता गोंधळ. अर्धा सिनेमा सांगून झालेला आणि चोर कोण ते गुलदस्त्यात. कानिफनाथ म्हणे मेव्हणाच, कारण मेव्हणे असेच असतात. साळूबाई नावाची एक बाई होती, तिचा डॉक्टरवर दात. डॉक्टर सारखा प्रधानाला गोळ्या देतो आणि स्वतः कधी पाणीसुद्धा पीत नाही, हे तिनं बरोबर हेरलेलं, तेही नुसतं कडूबाईच्या सांगण्यावरून. मोळ्या बांधताना भांडणं व्हायची. आम्ही तुझ्या मोळ्या बांधल्या त्या अख्ख्या सिनेमाच्या बदल्यात, अर्ध्याच्या नव्हे, असंही बायका कडूबाईला ऐकवू लागल्या.

ती माझ्याकडं आली. मी म्हणालो, त्यात काय, मी दहा वेळा पाहिलाय, बस, सांगतो. तर बाईनं हातानंच थांबवलं. ऐकीव गोष्ट ती सांगत नव्हती. मी म्हणालो, मग लढाई संपेपर्यंत थांब. पण प्रिंट दहा तारखेला परत जायची होती. दिवसा दाखवा, ती म्हणाली. मी हसलो. अगं, तंबूत दिवसा ऊन झिरपतं, पडद्यावर भूतसुद्धा दिसायचं नाही.

तेव्हा ती म्हणाली, आमची कोपी बघितलीस का कधी आतून?

ऊसतोडे राहतात ती कोपी म्हणजे उसाच्या वाळक्या पाचटाची खोप. पाचट दाट रचलं की भर दुपारी आत हात हाताला दिसत नाही. नेमका त्याच वेळी कारखाना दोन दिवस बंद पडला होता आणि टोळीच्या हाताला काम नव्हतं. पंचवीस-तीस माणसांनी आठ तारखेला बांबू रोवले आणि नऊच्या दुपारपर्यंत तंबूच्या मागं वीस हात लांबीची कोपी उभी केली. आप्पासाहेब कपाळाला हात लावून बघत होते. पाचट म्हणजे बारूद, आणि आमच्या मशीनमधून ठिणग्या उडतात. म्हणून मशीन बाहेर ताडपत्रीखाली ठेवलं, कोपीच्या भिंतीला वीतभर भोक पाडलं आणि चार गडी पाण्याच्या बादल्या घेऊन उभे केले. आत पडदा म्हणून आप्पासाहेबांचं नवं धोतर. हवालदारसुद्धा आला. बंदोबस्ताला आलो म्हणाला, पण पुढं जाऊन बसला. त्यालाही चोर कोण ते कळायचं होतं.

आणि इथं माझी अक्कल शेण खायला गेली.

या सिनेमाचा शेवट मला पाठ होता. चोर डॉक्टरच निघतो. खरा कागद मोटारीतून चौकीवर पोचतो, तो जवान हात पुढं करून घेतो, वाचतो, हसतो, आणि पलीकडच्या काठावरून एक गोळी येते. लढाई टळते, पण ते पोरगं तेवढं मरतं. मला वाटलं, कडूबाईनं हे बघायचं? पोरगं सीमेवर असताना? मी आमच्या ऑपरेटरला, गहिनीनाथला, गाठलं आणि म्हणालो तेवढा तुकडा काढ. तो तयार होईना. परत जोडून देऊ म्हणून त्याच्या विनवण्या केल्या. शेवटी त्यानं ब्लेडनं पंधरा-वीस हात पट्टी कापली, टोकं खरवडून चिकटवली आणि तुकडा बिडीच्या रिकाम्या डब्यात गुंडाळून ठेवला.

सिनेमा असा रंगला म्हणता! डॉक्टरच्या खिशातून कागद निघाला तेव्हा साळूबाई उठून उभी राहिली आणि तिची सावली धोतरावर पडली. लोक तिला खाली ओढत होते आणि हसत होते. मोटार निघाली, पूल आला, चौकी आली. जवानानं कागद घेतला, वाचला, हसला. चित्र एकदा लचकलं. मग सगळे शिपाई टोप्या काढून छातीशी धरून उभे, आणि सूर्य उगवला, समाप्त. माणसं टाळ्या वाजवत उन्हात बाहेर आली.

कडूबाई उठली नाही. मी आत गेलो तर ती धोतराकडंच बघत होती.

"कागद मिळाला, लढाई टळली," ती म्हणाली. "मग समद्यांनी टोप्या कशापायी काढल्या?"

आनंदानं, मी म्हणालो.

"आनंदानं टोपी उडवत्यात. छातीशी न्हाई धरत." मग तिनं भोकाकडं मान वळवली. तिथून गहिनीनाथ डोकावत होता. "काय काढलंस रं मधलं?"

गहिनीनाथ बिचारा सरळ माणूस. त्यानं मुकाट्यानं डबा आणून दिला. बाई कोपीच्या दारात गेली, पट्टी उन्हात धरली आणि एकेक चौकोन बोटानं सरकवत बघू लागली. मी बाजूला उभा. आता ही खाली बसणार, ऊर बडवणार, आणि सगळं खापर माझ्यावर फुटणार. शेवटच्या चौकोनावर तिचं बोट थांबलं.

"पडला व्हय," ती म्हणाली. नुसतंच. मग माझ्याकडं बघून, "आन ह्ये बघून मी मरंन असं वाटलं तुला? पडद्यावरचं पोर त्ये. पुढल्या सिनेमात उठून नाचंल."

मी म्हणालो, तुझा जीव दुखू नये म्हणून. आणि हे शब्द तोंडातून गेले तशी ती माझ्याकडं अशी काही बघायला लागली की मला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

"रंगनाथ," ती म्हणाली, "माझ्या सूर्यभानच्या कागदातलं बी असंच काढतोस का रं?"

खोटं बोलायची मला सवय नव्हती अशातला भाग नाही. दारावर उभं राहून दिवसातून पन्नास वेळा बोलायचो. पण त्या बाईसमोर मी होय म्हणून मान हलवली. तिनं कमरेची पिशवी सोडली. वाचता येत नव्हतं, पण कुठलं पत्र कधीचं ते तिला घडीवरून कळायचं. शेवटचं काढून तिनं माझ्या हातात दिलं.

"वाच. पयल्यापासनं."

मी वाचलं. आठ-दहा दिवसांत पुढं हलवणार, तेही वाचलं. तुझा राग गेला का नाही तेवढं एका ओळीत कळव, तेही वाचलं.

तिनं पत्र कधीचं ते विचारलं. वीस नोव्हेंबरचं. आज काय? नऊ डिसेंबर. तिनं बोटाच्या पेरांवर मोजलं, एकोणीस झाले. मग ती तिथंच पाचटावर बसली.

"तो तकडं माझ्या एका सबदासाठी बसला आसंल," ती म्हणाली, "आन मी हितं चोर कोन, चोर कोन करत डोकं शिनवतीय."

रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं तिथंच कागद मागवला आणि माझ्याकडूनच लिहून घेतलं. राग नाही, कधीच नव्हता, ये. एवढंच. मला वाटलं, झालं. पण ते लिहिलेलं घेऊन ती हवालदाराकडं गेली आणि म्हणाली, ह्यात काय लिवलंय ते वाचा बरं. हवालदारानं मोठ्यानं वाचलं. बरोबर आहे म्हटल्यावर मग तिनं ते टपालात टाकायला दिलं. सगळ्या गावासमोर माझी परीक्षा झाली, आणि मी पास झालो म्हणून कुणी पाठ थोपटली नाही.

कारखाना सुरू झाला तशी तोडणी सुरू झाली आणि तिनं टोळीला न दिसलेला तेवढा तुकडा सांगितला. "हितं रंगनाथनं कापलं हुतं, पर म्या त्ये उन्हात धरून बघितलं. हितं त्ये पोर मरतं." माझ्या नावासकट. पोर मरतं म्हटल्यावर साळूबाईनं डोळ्याला पदर लावला, आणि कडूबाई पुढं सांगत राहिली. मला हे कानिफनाथनं येऊन सांगितलं. त्याला सांगायची फार हौस.

सोळा तारखेला लढाई संपली. दिवे लागले, तंबू परत चालू झाला. सूर्यभानचं पत्र येईना. कडूबाई रोज संध्याकाळी दारावर यायची, माझ्याकडं बघायची, मी मान हलवायचो, ती जायची. शिवी दिली असती तरी चाललं असतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कार्ड आलं, खुशाल आहे, सुट्टी मिळाली की येतो. मी धावत फडात गेलो, वाचलं. तिनं ऐकलं, कार्ड हातातून काढून घेतलं आणि दोन मैल चालत हवालदाराकडं जाऊन परत वाचून घेतलं. तेव्हापासून तिचं प्रत्येक पत्र दोन वेळा वाचलं जायचं, एकदा माझ्याकडून आणि एकदा माझ्यामुळं.

मार्चमध्ये उन्हं तापली होती आणि मी तंबूच्या दारात चऱ्हाट वळत बसलो होतो. एक जवान खांद्यावर ट्रंक घेऊन समोर येऊन उभा राहिला. रंगनाथ काका तुम्हीच ना, म्हणाला. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं, पण आईचीच उंची आणि आईसारखंच ते टक लावून बघणं. मी त्याला बसवलं, पाणी दिलं. आई कुठल्या फडात आहे ते त्यानं विचारलं, मी हात करून दाखवलं, ओढ्यापलीकडं. तरी तो उठेना. पाण्याचा तांब्या हातात फिरवत बसला.

आईचं पत्र मिळालं मला, तो म्हणाला, पण डिसेंबर सरता सरता, सगळं उरकल्यावर. त्याच्या आधी तो रोज टपाल आलं की विचारायचा. पुढं जायच्या दिवशीही विचारलं. मग लढाईतही मागून कुणी आलं की विचारत राहिला. सोबतचे हसायचे.

"एक दिवस तर म्या तिला मनातल्या मनात लई बोललो," सूर्यभान म्हणाला. "म्हनलं, मेलो तर बरंच हुईल, मग कळंल तिला. आईला असं म्हनलो मी." त्यानं तांब्या खाली ठेवला. "काका, एवढा उशीर का लावला हो तिनं?"

म्हणजे तिनं माझं नाव कळवलंच नव्हतं. त्या एका ओळीत मला जागाच दिली नव्हती. टपाल उशिरा गेलं, लढाईत असं व्हायचंच, एवढं म्हटलं असतं तरी त्याला पटलं असतं. तोंडाशी आलंही होतं.

"तिनं नाही लावला," मी म्हणालो. "मी लावला. तुझा प्रश्न मी तिला वाचूनच दाखवला नव्हता. एकोणीस दिवस. ज्या दिवशी ऐकला त्याच दिवशी तिनं उत्तर धाडलं."

मला वाटलं, आता थोबाडात देईल, आणि मी गाल पुढंच केला होता. पण तो उठला, ट्रंक माझ्या दारात तशीच टाकली आणि ओढ्याच्या दिशेनं पळत सुटला.